टेबलाखालची जमीन

हॉटेलाच्या उंबरठ्याबाहेर एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या, की सरकार त्या टेबलाकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागतं. आतल्या टेबलावरही त्याचं लक्ष असतं. स्वयंपाकघर स्वच्छ आहे का, पाणी कुठलं आहे, आग लागली तर बाहेर पडायला वाट आहे का, हे ते विचारतं. बाहेर मात्र प्रश्न बदलतात. आचारी तोच, थाळी तीच, गिऱ्हाईकही तेच. बदलली आहे ती टेबलाचे पाय टेकलेली जमीन. बाहेर बसून खाण्यावरचं सरकारी नियमन दिसायला अन्नाचं आणि पेयाचं असतं, पण त्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न असतो. एवढी एकच गोष्ट इथे सावकाश उलगडून पाहायची आहे. त्यासाठी वर्धा जिल्हा फार सोयीचा आहे, कारण या प्रश्नावर इतरत्र जे सगळ्यात मोठं झाकण बसलेलं असतं, ते इथे कायद्यानंच काढून ठेवलं आहे.

ते झाकण दारूचं. वर्ध्यात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. पुढे १९९३ मध्ये गडचिरोली कोरडा झाला. २०१५ मध्ये चंद्रपूर झाला आणि २०२१ मध्ये तिथली बंदी उठली. या तिघांत वर्ध्याची बंदी सगळ्यात जुनी, आणि तिचं कारण जिल्ह्याच्या इतिहासात आहे. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावात राहायला गेले. तेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं. विनोबांनी १९३८ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी मुक्काम केला. १९४१ मध्ये गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली. तिच्यात जातीय ऐक्य आणि अस्पृश्यतानिवारण यांच्या पाठोपाठ तिसरं कलम दारूबंदीचं होतं. ज्या जिल्ह्यातून हा कार्यक्रम देशभर गेला, त्या जिल्ह्यात तरी दारूचा परवाना नसावा, अशी या बंदीमागची भावना.

त्यामुळे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी यांपैकी कुठेच परमिट रूम नाही, बिअर बार नाही. बाहेर बसून खाणं मात्र भरपूर आहे. सकाळी तर्री-पोह्याचा ठेला आणि आलूबोंड्याची कढई, उन्हाळ्यात रसवंती, दिवस मावळल्यावर चाटच्या गाड्यांभोवती मांडलेली स्टुलं, आइस्क्रीमच्या दुकानापुढच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामच्या चौरस्त्याजवळ ढाब्यांच्या अंगणातल्या खाटा. विदर्भाचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला हे मांडणं चैनीचं वाटणार नाही. पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली संध्याकाळी जेवायला बसणं हीच शिक्षा असते. भिंतीबाहेर वारा असतो, म्हणून लोक भिंतीबाहेर बसतात.

आता शेजारच्या जिल्ह्यांत, किंवा पुण्या-मुंबईत, बाहेरच्या टेबलाचं काय होतं ते पाहू. तिथे त्या टेबलाकडे पहिली नजर जाते ती उत्पादन शुल्क खात्याची. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात मुळात सगळीकडे बंदीच आहे. विक्री आणि पिणं चालतं ते परवान्याच्या अपवादानं. १९५३ च्या विदेशी मद्य नियमांखाली हॉटेलाला जो परवाना मिळतो, तो विशिष्ट जागेला मिळतो. त्या जागेचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. शाळेपासून, देवळापासून, एसटी स्थानकापासून अंतर मोजलं जातं. नकाशातल्या रेषेच्या आत पेला भरता येतो, रेषेबाहेर नाही. हॉटेलाला बाग असेल आणि तिथे दारू द्यायची असेल, तर बागही नकाशात यावी लागते. बिअर मागणाऱ्याचं वय २१ आणि कडक दारू मागणाऱ्याचं २५ आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारीही त्याच परवानाधारकावर येते.

ही सगळी व्यवस्था दारूभोवती कुंपण घालण्यासाठी उभी राहिली आहे. बाहेरचं टेबल तिला खटकतं, कारण तिथे कुंपण विरळ होतं: रस्त्यावरून शाळेची मुलं जातात, पेला एका हातातून दुसऱ्या हातात जातो, रेषा धूसर होते. ही काळजी रास्त आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. टेबल पदपथावर आहे की हॉटेलाच्या स्वतःच्या आवारात, त्याच्यामुळे चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं का, आणि त्या जागेचं भाडं कुणाला मिळतं, हे प्रश्न दारूच्या प्रश्नामागे दडून राहतात.

कुंपणाच्या या विचाराला एक मर्यादाही आहे, आणि ती २०१६ च्या डिसेंबरात उघड दिसली. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. पुढच्या मार्चअखेर २०,००० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आलं. हेतू स्वच्छ होता: वाहन चालवणाऱ्याच्या हाताशी दारू नको. मग अंतर कसं मोजायचं यावर वाद सुरू झाले. केरळात उत्तर परवूरच्या एका बारनं आपल्या आवारात वळणावळणांची भिंतीबंद वाट बांधली. जागा होती तिथेच राहिली आणि चालायचं अंतर वाढलं. काही ठिकाणी रस्त्यांचाच दर्जा बदलून टाकण्यात आला. नियमानं जागेकडे पाहिलं होतं ते मीटरच्या पट्टीतून. ती जागा तिथल्या माणसांच्या रोजच्या आयुष्यात काय करते, हे पट्टीला कळत नाही. वर्धा जिल्ह्यात त्या वेळी हलवायला परवानाधारक दुकानच नव्हतं.

दारू बाजूला काढली की काय उरतं, हे म्हणूनच वर्ध्यात नीट पाहता येतं. संध्याकाळी वर्ध्याच्या एखाद्या वाहत्या रस्त्यावर उभं राहून बघावं. चाटची गाडी आहे, तिच्याभोवती आठ-दहा स्टुलं आहेत, दोन कुटुंबं बसली आहेत. गाडीवाल्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी असते, कारण २००६ च्या कायद्यानं छोट्या ठेल्यालाही ती लागते. मागच्या पक्क्या हॉटेलाला परवाना असतो आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदही असते. ही सगळी कागदपत्रं अन्नाबद्दल, मालकाबद्दल, कामगारांबद्दल बोलतात. स्टुलं ज्या जमिनीवर आहेत तिच्याबद्दल त्यांत एक अक्षरही नसतं. त्या जमिनीची राखणदार नगरपरिषद आहे आणि रस्त्यातला अडथळा दूर करण्याचा अधिकार तिला १९६५ च्या कायद्यानं आहे. मात्र बहुतेक गावांत नगरपरिषदेला दोनच भाषा येतात. एक काणाडोळ्याची, दुसरी अतिक्रमण हटाव मोहिमेची. महिनोन्‌महिने कुणी काही म्हणत नाही. एक दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली येते, स्टुलं, छत्र्या, बाकं उचलून नेते. आठवड्यानं सगळं परत मांडलं जातं.

या दोन भाषांच्या मध्ये तिसरी भाषा नसणं, हा मला या विषयातला खरा दोष वाटतो. काणाडोळ्याच्या दिवसांत गाडीवाला कुणाच्या तरी मर्जीवर जगतो. मोहिमेच्या दिवशी तो गुन्हेगार ठरतो. वर्षभर तो जे करत असतो ते दोन्ही दिवशी सारखंच असतं. पादचाऱ्याचंही तसंच. आजी नातवाचा हात धरून स्टुलांना वळसा घालून डांबरी रस्त्यावर उतरते, मागून ट्रक येतो, आणि तिनं तक्रार करावी असा एकही लिखित नियम तिच्या हाताशी नसतो. किती फूट जागा तिची आहे, हे कुणी कधी ठरवलेलंच नाही.

मग ती जागा कुणाची? न्यायालयांनी याचा विचार केला आहे. मुंबईच्या फेरीवाल्यांची आणि पदपथावर राहणाऱ्यांची प्रकरणं १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाली. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग प्रकरणात घटनापीठानं एक समतोल मांडला, तो आजही उपयोगी आहे. रस्त्यावर व्यवसाय करणं हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. त्यावर वाजवी बंधनं मात्र घालता येतात, आणि अमुकच जागेवर कायम बसण्याचा हक्क कुणालाही नाही. रस्ता आधी येण्याजाण्यासाठी आहे. हा विचार मनात धरला की बाहेरचं टेबल चोरीची वस्तू राहत नाही, मालकीचीही होत नाही. ती सगळ्यांच्या वस्तूतली, काही काळासाठी दिलेली उसनवारी होते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी: घेतली हे दोघींना माहीत, किती घेतली हे माहीत, परत द्यायची हेही माहीत.

इथे थोडं थांबून या ‘बाहेर’चा जुना इतिहास पाहायला हवा. तो पाहिल्याशिवाय महाराष्ट्रात बाहेरच्या टेबलाबद्दल प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. आज शहरात झाडाखालचं टेबल मागून घेतलं जातं, त्याचे पैसे जास्त पडतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी गावच्या हॉटेलात बाहेर कुणाला बसवलं जायचं? ज्याची सावली आत पडू नये असं मानलं जायचं, त्याला. त्याची कपबशी वेगळी, बाहेरच्या खिळ्याला अडकवलेली. चहा वरून ओतायचा. कप त्यानंच विसळून ठेवायचा. उंबरठा ही सरकारनं आखलेली रेषा नव्हती, पण सरकारी रेषेपेक्षा ती कठोर होती. बाहेर बसून खाणं ही तेव्हा शिक्षा होती आणि तिचा परवाना जात देत होती.

हा उंबरठा मोडण्यात वर्धा मागे नव्हतं. १९२८ च्या जुलैमध्ये जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. मंदिराचा उंबरठा ओलांडणं ही एक पायरी. शेजारी बसून जेवण्याचा उंबरठा त्याहून चिवट होता. राज्यघटना आली तेव्हा पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारायला बंदी आली. त्याच कलमाच्या पुढच्या ओळीत विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते आहेत. उपाहारगृह आणि रस्ता हे एका श्वासात उच्चारले गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं या बंदीला शिक्षेचं बळ दिलं. हॉटेलात कुणी कुठे बसायचं याबद्दल स्वतंत्र भारताच्या सरकारनं केलेला पहिला मोठा नियम हाच म्हणायला हवा. त्यातलं तत्त्व असं की आतली जागा खासगी मालकीची असली तरी ती चारचौघांसाठी उघडली, की तिच्यावर चारचौघांचा हक्क येतो.

आता हेच तत्त्व उलट बाजूनं वाचून पाहा. खासगी जागेवर चारचौघांचा एवढा हक्क आहे, तर रस्त्याकडेची जागा, जी मुळातच चारचौघांची आहे, तिथे टेबल मांडणाऱ्यानं तर आणखी जपून वागायला हवं. त्या टेबलामुळे कुणाची वाट अडू नये. अडलीच तर ती दुबळ्याची आधी अडते, हे आपल्या इतिहासानं शिकवलं आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस, पांढरी काठी घेतलेला माणूस, बाळाला कडेवर घेतलेली बाई यांना पदपथावरची एक खुर्चीसुद्धा पुरे होते. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं भारतीय रस्ते परिषदेचं मानक सांगतं. बाहेरच्या जेवणाचा पहिला नियम इथून निघतो. आधी चालणाऱ्याचे १.८ मीटर बाजूला काढायचे. उरलेल्यात बसवता आलं तर बसवायचं. जिथे काहीच उरत नाही, तिथे उसनं द्यायला काही नाही.

उसनवारीची दुसरी अट काळाची. जगात ही गोष्ट करोनानंतर नव्यानं शिकली गेली. आपल्याकडे २०२० च्या मार्चपासून हॉटेलात बसून खाणं बंद झालं, आणि ५ ऑक्टोबरला ती निम्म्या क्षमतेनं उघडली. त्या काळात आपल्या नियमांनी मुख्यतः टक्के मोजले: पन्नास टक्के खुर्च्या, चारपर्यंत वेळ. न्यूयॉर्कनं त्याच उन्हाळ्यात हॉटेलांना पदपथावर आणि गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यात टेबलं मांडू दिली. इंग्लंडनं २०२० मध्येच पदपथाच्या परवान्यासाठी साधी, झटपट पद्धत कायद्यात आणली आणि पुढे ती कायम केली. न्यूयॉर्कमध्ये मात्र रस्त्यावर उभारलेल्या लाकडी खोल्या हटेनात. उंदीर, कचरा, आवाज यांच्या तक्रारी वाढल्या. शेवटी २०२३ च्या कायद्यानं गाडीरस्त्यावरची टेबलं फक्त एप्रिल ते नोव्हेंबर ठेवायची, असं ठरलं. हंगाम संपला की जागा मोकळी करायची.

हे वाचताना मला आपली रसवंती आठवते. उन्हाची चाहूल लागली की रस्त्याकडेला बांबू उभे राहतात, तट्ट्यांचा मांडव पडतो, चरकाला घुंगरू बांधले जातात, मांडवात बाकडी येतात. पावसाची पहिली सर आली की सगळं उतरवलं जातं. कुणी हुकूम काढत नाही. हंगामच परवाना देतो आणि हंगामच तो परत घेतो. पाणपोईचंही तसंच. मांडवाला पाया खणलेला नसतो, भिंत नसते, म्हणून तो जमिनीवर हक्क सांगत नाही. आपल्या लोकांना उसन्या जागेचा शिष्टाचार माहीत नाही असं जे म्हटलं जातं, ते खरं नाही. हा शिष्टाचार आपल्याकडे आहे. तो नगरपरिषदेच्या कागदावर नाही, इतकंच. उत्सवांच्या मंडपांबाबत मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये रस्ता अडवणाऱ्या मंडपांवर बंधनं घातली आणि परवानगीशिवाय मंडप नको असं बजावलं. देवाच्या मंडपालाही ही शिस्त लागू होत असेल, तर ती खुर्च्यांना लागायला काहीच हरकत नाही.

तिसरी अट आकाशाची आहे, आणि ती मोडली की माणसं मरतात. मुंबईत २०१७ च्या नोव्हेंबरात महापालिका आयुक्तांनी गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर केलं. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. चटकन पेट घेणाऱ्या आच्छादनामुळे ती झपाट्यानं पसरली. मोकळी ठेवायची जागा झाकून टाकलेली होती, हेही पुढे समोर आलं. उघड्यावर बसणाऱ्याचा सगळ्यात मोठा बचाव हा की त्याच्या डोक्यावर आणि बाजूंना काही नसतं. धूर वर जातो, माणूस कुठूनही बाहेर पडतो. पण बाहेरची जागा हळूहळू आत होत जाते. आधी छत्री येते, मग पावसासाठी ताडपत्री, मग पत्रा, मग थंडीसाठी पडदा, मग त्या पडद्याची भिंत. प्रत्येक पायरी छोटी असते आणि समजण्यासारखी असते. शेवटी जे उरतं त्यात उघड्याची सुरक्षितता नसते आणि बंद खोलीसाठी लागणारी आगीची व्यवस्थाही नसते. म्हणून बाहेर बसवण्याचा परवाना द्यायचा तर तो उघडेपणाच्या अटीवरच द्यावा. पत्रा चढला त्या दिवशी परवाना संपला, इतकं ते साधं असावं.

आता दारूकडे परत यायला हवं, कारण वर्ध्याबद्दल बोलताना अर्धंच सांगून चालणार नाही. परवानाधारक बार नाही म्हणजे जिल्ह्यात दारू नाही, असं कुणी वर्धेकर छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मोहाची आणि गुळाची हातभट्टी, शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या बाटल्या, धाडी आणि जप्त मालाचे फोटो हे सगळं इथल्या बातम्यांत नेहमीचं आहे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती किंवा यवतमाळ जिल्हा लागतो. उत्तरेला आणि पूर्वेला नागपूर आहे. आणि जी दारू जिल्ह्यात येते ती प्यायली कुठे जाते? नाल्याच्या काठी, शेताच्या धुऱ्यावर, पडक्या भिंतीआड, म्हणजे पुन्हा उघड्यावरच. चाटच्या गाडीपाशी दिव्याखाली बसलेलं कुटुंब आणि अंधारात बाटली फोडणारं टोळकं, दोघेही बाहेरच आहेत. फरक इतकाच की दुसऱ्याला पत्ता नाही. जिथे नकाशा नाही तिथे बंद होण्याची वेळ नाही, वय विचारणारं कुणी नाही, बाटलीत काय आहे याची खात्री नाही. तिथे सरकार फक्त धाडीच्या रूपानं पोचतं.

यावरून बंदी उठवावी असा निष्कर्ष काहीजण काढतात. चंद्रपूरची बंदी उठवताना असेच मुद्दे मांडले गेले. मी त्या निष्कर्षापर्यंत जात नाही. बंदी मागणाऱ्या बायांना मी विसरू शकत नाही. चंद्रपूरच्या बंदीसाठी २०१० च्या डिसेंबरात चिमूरपासून नागपूरपर्यंत स्त्रिया पायी चालत गेल्या, त्या कुठल्या तत्त्वज्ञानासाठी चालल्या नव्हत्या. घरातला मार आणि घरातली उपासमार त्यांना थांबवायची होती. महाराष्ट्रात त्यांच्या हाती एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या किंवा प्रभागातल्या बायांनी मागणी केली की मतदान होतं आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळालं की दुकान बंद होतं. या मतदानात मला जागेच्या नियमनाचं सगळ्यात शुद्ध रूप दिसतं. आपल्या रस्त्यावर काय असावं हे तिथून रोज जाणाऱ्या बाईनं ठरवायचं. मंत्रालयातला नकाशा आणि ५०० मीटरची पट्टी यांच्यापेक्षा तिला त्या जागेची नाडी जास्त कळते.

पण आडवी बाटली करताही येते ती दुकानाला पत्ता असतो म्हणून. ज्या जागेची नोंद आहे तिच्यावरच कुणाला मत देता येतं, अट घालता येते, चुकलं तर परवाना काढून घेता येतो. वर्ध्यानं दारूच्या जागांना पत्ता नाकारला. त्याची नैतिक कारणं आहेत आणि ती मला मान्य आहेत. परंतु तर्री-पोह्याच्या ठेल्याला, रसवंतीला, हॉटेलापुढच्या चार खुर्च्यांना पत्ता नाकारण्याचं कुठलंही नैतिक कारण नाही. त्यांना आपण केवळ आळसानं बेपत्ता ठेवलं आहे.

या आळसाला २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानंतर सबबही उरलेली नाही. शहरानं दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावं, विक्रीची क्षेत्रं ठरवावीत, आणि हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असं तो कायदा सांगतो. जागा हलवायची तर ३० दिवसांची नोटीस द्यायला सांगतो. काणाडोळा आणि ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्यामधली तिसरी भाषा ती हीच. त्यातली एक उणीव मात्र मला दिसते. हा कायदा विकणाऱ्याचा आहे. गाडीला किती जागा, हे त्यात बसतं; गाडीपाशी बसून खाणाऱ्या माणसाचा विचार त्यात जवळजवळ नाही. आणि मागच्या पक्क्या हॉटेलाच्या बाहेर आलेल्या खुर्च्या तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. परिणामी ठेलेवाल्याला प्रमाणपत्र लागतं, आणि पैसेवाल्या हॉटेलाच्या खुर्च्या तशाच पसरत राहतात. उसनवारीचा नियम दोघांना एकच हवा. फूट सारखे मोजावेत, आणि शुल्क मात्र ऐपतीनुसार घ्यावं.

वर्ध्यासारख्या गावात हे करायला मोठ्या धोरणाची गरज नाही. एका रस्त्यापासून सुरुवात करता येईल. मुख्याधिकाऱ्यांनी अभियंत्याला आणि पथविक्रेता समितीतल्या बायांना सोबत घेऊन तो रस्ता पायी मोजावा. चालणाऱ्यांचे १.८ मीटर पांढऱ्या पट्ट्यानं आखून घ्यावेत. उरलेल्या जागेत खुर्च्या मांडायच्या असतील त्या हॉटेलांची आणि ठेल्यांची नावं एका वहीत घ्यावीत. किती खुर्च्या, किती वाजेपर्यंत, कचरा कुणी उचलायचा, गॅसची टाकी कुठे ठेवायची हे समोर लिहावं, आणि तोच कागद गाडीवर लावायला सांगावा. आजीला वाट अडली तर तिनं त्या कागदावरच्या क्रमांकावर फोन करावा. पावसाळ्यात ताडपत्री घालायची असेल तर तीही कागदावर यावी आणि पावसाळा संपला की उतरावी. उन्हाळ्यात रसवंत्यांना चार महिन्यांचा वेगळा कागद द्यावा. वर्षाअखेर त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी आणि तिथून चालणाऱ्यांनी एकत्र बसून वही पाहावी: पट्टा कोणी ओलांडला, कोणाच्या खुर्च्या रात्री उशिरापर्यंत राहिल्या, कोणाचा कागद पुढे चालू ठेवायचा आणि कोणाचा नाही.